घराचा दुसरा पत्ता

खातूगुरुजी हरवले त्या दिवशी संध्याकाळभर फलकावरचा त्यांचा दिवा हिरवा होता. डॉ. हेमांगी तोडणकरला सगळ्यात जास्त राग आला होता तो याच गोष्टीचा.

मुरवणे वसाहतीच्या नियंत्रण कक्षात खिडकीशेजारच्या भिंतीवर हा फलक होता. त्यावर तेहेतीस दिवे. माणूस आपल्या घरी असला की दिवा हिरवा, नसला की लाल. गुरुजींचा दिवा हिरवा होता आणि गुरुजी घरात नव्हते. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर, किनाऱ्यापासून तीनशे साठ मीटर आत, ते छान मांडी घालून बसलेले होते. तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, उकरायला आलेल्या गावातल्या बायकांनी त्यांना पाहिलं. त्या जवळ गेल्या, तेव्हा गुरुजींनी त्यांना चपला बाहेर काढून मग आत यायला सांगितलं.

बायका आधी हसल्या. मग भरतीचं पाणी गुरुजींच्या मांडीपर्यंत आलं आणि तरी ते उठेनात, तेव्हा चौघींनी मिळून त्यांना उचलून आणलं. वाटभर ते आपल्या घरातून आपल्याला ओढून नेत आहेत म्हणून रडत होते.

ही अमावास्येची गोष्ट. आज पौर्णिमा होती आणि डॉ. दिगंबर लोंढे पुण्याहून आले होते. वय एक्क्याऐंशी, हातात काठी, कानाला यंत्र. हेमांगीने चुंबकत्वाचा ओनामा त्यांच्याच हाताखाली गिरवला होता. वसाहतीच्या फाटकापाशी त्यांच्या काठीचं लोखंडी टोक काढून घेण्यात आलं, कारण या आवारात लोखंडाचा खिळासुद्धा चालत नसे. घरं जांभ्याची, बिजागऱ्या पितळेच्या, भाकरीला मातीचे तवे. टोक काढून घेतल्यामुळे सर वैतागले होते, पण नियम योग्य आहे हेही त्यांनी लगेच कबूल केलं.

"मी अडाणी आहे असं समज," खुर्चीत बसल्या बसल्या ते म्हणाले. ही त्यांची जुनी खोड. "आणि पहिल्यापासून सांग."

फलकासमोर बसलेला विद्युत अभियंता अस्लम परकार गालातल्या गालात हसला. चाळिशीचा हा माणूस वसाहत सुरू झाल्यापासून तिथली वीज सांभाळत होता आणि हेमांगीला कोणीतरी विद्यार्थिनीसारखं उभं केलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता.

हेमांगीने सांगायला सुरुवात केली. इथे राहणाऱ्या बत्तीस माणसांना विस्मृतीचा आजार होता. अशी माणसं घरातून उठतात, चालू लागतात आणि सापडत नाहीत. त्यांना कुलपात ठेवणं हा एकच उपाय जगाला माहीत होता. हेमांगीने दुसरा काढला. तांदळाच्या दाण्याएवढं एक बी कानामागे कातडीखाली बसवायचं. त्यातले चुंबकी स्फटिक सभोवतालचं चुंबकीय क्षेत्र ओळखतात. पहिले नऊ दिवस माणसाला त्याच्या घरातच ठेवलं की त्या जागेचं क्षेत्र बी शिकून घेतं. मग माणूस घरापासून दूर गेला की त्याला अस्वस्थ वाटतं. घराच्या दिशेने पाऊल टाकलं की अस्वस्थता उतरते, आणि घरी पोचलं की ती पूर्ण मावळते. या बीला तिने नाव दिलं होतं घरओढ. मुरवण्यात एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. याचा तिला फार अभिमान होता आणि तो रास्तही होता.

"पृथ्वीचं क्षेत्र पुरलं नाही का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. पृथ्वी हाही एक द्विध्रुवच आहे, दोन टोकांचा चुंबक. पण तो एवढा मोठा की या गल्लीपासून त्या गल्लीपर्यंत काहीच बदलत नाही. म्हणून आम्ही स्वतःचा लहान द्विध्रुव उभा केला." तिने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. किनाऱ्यावर पुरुषभर उंच जांभ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत एक प्रचंड उभं कडं होतं, अर्धं जमिनीत आणि अर्धं वर. वसाहतीत त्याला कडंच म्हणत. "अतिवाहक तारेचं वेटोळं. त्यातून वीज फिरते. जवळ जोर फार, मग अंतराच्या घनाने तो घसरतो. अंतर दुप्पट झालं की जोर आठवा हिस्सा. शिवाय प्रत्येक ठिकाणी क्षेत्राची दिशा वेगळी. जोर आणि दिशा मिळून प्रत्येक घराला स्वतःचा असा एक पत्ता मिळतो."

"आणि हा फलक?"

"बी जे जोखतं तेच इथे कळवतं. त्याची खबर मातीतून येते, पाण्यातूनही येते. पत्ता जुळला की दिवा हिरवा."

"हं. आता मला तू न सांगितलेलं सांग. कडं वसाहतीच्या मध्यभागी का नाही?"

हा प्रश्न तिला आवडला. याच युक्तीवर तिचा प्रबंध छापून आला होता. "कारण द्विध्रुवाला पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी नसते. घरापासून एक सरळ रेषा काढा, ती कड्याच्या मध्यातून न्या आणि पलीकडे तेवढीच लांब वाढवा. दोन्ही टोकांना जोर तोच आणि दिशाही तीच. एका केसाचाही फरक नाही. म्हणजे प्रत्येक घराला पलीकडे एक जुळं घर असतं. कडं मध्यभागी बसवलं असतं तर या बाजूची म्हातारी त्या बाजूच्या म्हाताऱ्याच्या ओटीवर जाऊन बसली असती. म्हणून मी ते किनाऱ्यावर नेलं. घरं सगळी जमिनीच्या बाजूला, जुळी सगळी समुद्रात. समुद्रात कोण राहतं, सर?"

सरांनी टेबलावरचा नकाशा पुढे ओढला, पट्टी घेतली आणि एकोणीस क्रमांकाच्या घरापासून, म्हणजे गुरुजींच्या घरापासून, कड्याच्या मध्यातून एक रेघ मारली. तीनशे साठ मीटरवर त्यांनी पेन्सिलीने टिंब काढलं.

"गुरुजी नेमके कुठे सापडले?"

अस्लम उठला. त्याने त्याच दिवशी पावलं मोजून खूण करून ठेवली होती. त्याने बोट टेकवलं ते टिंबाच्या अगदी शेजारी.

"दोन पावलांचा फरक," सर म्हणाले. "तो तुमच्या जांभ्यातल्या लोहाचा. उंचीही बघ. घर कड्याच्या तीन मीटर वर, तर जुळं तीन मीटर खाली. हेमांगी, तुझ्या नकाशात समुद्र कुठून सुरू होतो?"

"भरतीच्या रेषेपासून. सगळ्या नकाशांत तसाच असतो."

"तिथून पुढे निळा रंग. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला तिथे काय असतं?"

हेमांगी याच गावची. तिची आई पौर्णिमेच्या ओहोटीला याच वाळूवर वाकून तिसऱ्या उकरायची आणि लहानगी हेमांगी टोपली धरून मागे उभी असायची. हे सगळं तिला माहीत होतं. पण वीस वर्षं पुण्याच्या प्रयोगशाळेत काढल्यावर ती समुद्र कागदावर बघायला शिकली होती आणि कागदावर तो बारा महिने निळा होता. क्षेत्राची मोजणी केली तेव्हाही तिची माणसं निळ्या रेषेपाशी थांबून मागे फिरली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"आता?" तिने विचारलं.

उपाय होता. एक दुसरं लहान कडं बाजूला बसवायचं, म्हणजे दोन्ही बाजूंचा सारखेपणा मोडतो. पण त्याने सगळे पत्ते बदलणार, प्रत्येक बीला नवा पत्ता शिकवावा लागणार, आणि वेटोळं यायलाच महिना जाणार. तोवर किनाऱ्यावर बांबूचं कुंपण. बांबू परवा येणार होते.

"कडं बंदच ठेवलं तर?" सरांनी विचारलं.

उत्तर अस्लमने दिलं. "एकदा दहा मिनिटं बंद पडलं होतं, सर. बत्तीसही माणसं दारात येऊन उभी राहिली. घरातच होती, पण त्यांना घर कुठेच सापडत नव्हतं. काय रडत होती! पुन्हा तसं बघवणार नाही."

दुपारी जेवून सर रत्नागिरीच्या गाडीसाठी निघाले. गाडीत बसताना त्यांनी हेमांगीच्या कानाकडे पाहिलं.

"तुलाही आहे ना?"

"पहिलं बी माझंच, सर. दुसऱ्याच्या आईला टोचायच्या आधी स्वतःला टोचायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मी आईबरोबर सात क्रमांकात राहते, तोच पत्ता शिकवलाय. काढायचं तर शस्त्रक्रिया करावी लागेल."

"मग वाळूवर जाऊ नकोस."

"मला नियम माहीत आहे, सर. मी कशी भुलेन?"

"नियम तुला माहीत आहे. बीला नाही," सर म्हणाले. "घरी असलेला माणूस आपण खरंच घरी आहोत का, हे तपासून बघत नसतो. तुझं बी नेमकं ते तपासणंच बंद पाडतं."

गाडी गेली. हेमांगीला वाटलं, सर म्हातारे झाले, आता जरा जास्तच काळजी करतात.

संध्याकाळी पाचला थोडी मिनिटं असताना सात क्रमांकाचा एक दिवा लाल झाला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा हिरवा झाला. एरवी अस्लमने त्याकडे लक्षही दिलं नसतं. पण सकाळचं बोलणं डोक्यात होतं म्हणून त्याने सुनंदाला घरी बघून यायला पाठवलं. सुनंदा आणि वनिता या दोघी वसाहतीतल्या सेविका. सुनंदा धावत परत आली. घर उघडं होतं, आई नव्हती आणि पडवीतली तिसऱ्यांची टोपलीही जागेवर नव्हती.

हेमांगी खिडकीशी गेली. पार दूर, जिथे ओली वाळू चकाकत होती तिथे, हिरव्या लुगड्यातली एक लहानशी आकृती बसलेली होती. इंदुमती तोडणकर, वय एकोणऐंशी. पाच वर्षांपूर्वीपासून तिला माणसं आठवेनाशी झाली होती. चेहऱ्यांपैकी आता एक हेमांगीचाच उरला होता आणि तोही रोज नाही. हे सगळं यंत्र, हे कडं, ही वसाहत हेमांगीने कुणासाठी उभारली हे सगळ्यांना ठाऊक होतं. पौर्णिमेची ओहोटी मात्र त्या म्हातारीच्या अंगात अजून शाबूत होती.

सुनंदा आणि वनिता तिला आणायला गेल्या आणि हातावर ओरखडे घेऊन परत आल्या.

"त्या ऐकत नाय हो म्याडम," सुनंदा धापा टाकत म्हणाली. "माझ्या घरात कोन शिरलां म्हणून टोपलीनं मारतायत. हात धरला तर अंग टाकून देतायत. आनि मधल्या चरात पानी भराय लागलंय."

होड्या खाडीत होत्या आणि ओहोटीच्या चिखलात रुतलेल्या. त्यांना पाणी मिळेपर्यंत सात वाजले असते. भरती सुरू होऊन तास होत आला होता आणि तिसऱ्या उकरणाऱ्या बायका केव्हाच गावात परतल्या होत्या.

हेमांगीने नकाशाकडे पाहिलं, मग अस्लमकडे. तिचा आवाज एकदम शांत झाला. "आपण तिला घरातून ओढायचं नाही. घरच इकडे हलवायचं."

"म्हणजे?"

"कड्यातली विजेची धारा उतरव. कड्याचा जोर कमी झाला की तेवढाच जोर सापडायला कड्याच्या जवळ यावं लागेल. धारा आठव्या हिश्शावर आणलीस की पत्ता निम्म्या अंतरावर येतो. हजाराव्या हिश्शावर आणलीस की दहाव्या हिश्शावर, म्हणजे तीनशे मीटरवरचं घर तीस मीटरवर. दिशा बदलत नाही. घर हळूहळू किनाऱ्याकडे सरकेल आणि ती त्याच्यामागे चालत येईल."

अस्लमने मनात हिशेब केला. तो बरोबर होता. "पण बाकीच्या एकतीस जणांचीही घरं सरकतील, मॅडम. सगळे कड्यापाशी गोळा होतील."

"जमिनीच्या बाजूने होतील. सुनंदा आणि वनिता दोरी धरून उभ्या राहतील, कुणी गडगा ओलांडून समुद्राकडे जाता कामा नये. मी आईला घेऊन गडग्याला वळसा घालते आणि जमिनीच्या बाजूला आणते. मग तुला फोन करते, आणि मगच तू धारा चढव. आम्ही पलीकडे असताना चढवलीस तर घर पुन्हा समुद्रात जाईल, आणि आम्ही दोघीही त्याच्यामागे."

"मी जातो तिच्याकडे. तुमच्या कानामागे..."

"ती तुला ओळखत नाही. आणि घाईत धारा उतरवताना वेटोळं तापलं तर एकतीस माणसं बेघर होतील. ते काम तुझं." ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. "ओलांडल्यावर. लक्षात ठेव."

"तुम्ही लक्षात ठेवा," अस्लम म्हणाला.

कड्याला वळसा घालून वाळूवर उतरेपर्यंत हेमांगीला रोजची ती बारीक अस्वस्थता जाणवत होती. घरापासून लांब आलं की ती यायचीच, कपड्यात कुसळ अडकल्यासारखी. पन्नास पावलं गेल्यावर ती कमी झाली. शंभर पावलांवर आणखी कमी झाली. हेमांगीने स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, हे खोटं आहे. हे जुळं आहे. गुडघाभर पाण्याचा चर ओलांडताना तिने ते पुन्हा म्हटलं. पुढे वाळू उघडी होती आणि तिच्यावरून पाण्याचे पातळ पदर सरकत येत होते.

आई त्या पाण्यात बसली होती. लुगड्याचा ओचा भिजला होता. टोपलीत पाचसहा तिसऱ्या होत्या. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी उजळला होता!

"आलीस काय गो? पाय पूस नि आत ये."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बसली आणि तिने आईचा हात धरला. कानामागची सगळी कुसळं निघून गेली होती. इथे घर होतं. ते खोटं आहे हे तिला माहीत होतं, पण कशासारखं माहीत होतं म्हणाल, तर ताप आलेल्या माणसाला आज मंगळवार आहे हे माहीत असतं तसं.

मग घर सरकलं. आधी आईला कळलं. ती चुळबुळली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "चुलीवर दूध ठेवलांय गो मी," ती म्हणाली आणि टोपली काखेला मारून किनाऱ्याकडे चालू लागली. हेमांगीचा हिशेब अचूक होता. अस्लमचा हातही अचूक होता. घर पुढे आणि दोघी त्याच्यामागे, चर ओलांडून, कोरड्या वाळूवर, थेट गडग्यापासून तीस मीटरवर. पाणी मागे राहिलं. आई वाचली होती. हेमांगीला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि ती हसलीही.

आता वळसा घालायचा होता. गडग्याच्या बाजूने जेमतेम शंभर पावलं.

सूर्य पाण्याला टेकला होता. गडग्यापलीकडून आवाज येत होते. अख्खी वसाहत तिथे जमली होती. कुणीतरी चहा मागत होतं. कुणीतरी भजन म्हणत होतं. खातूगुरुजी एकोणतिसाचा पाढा म्हणत होते आणि चुकत नव्हते. सगळी ओळखीची माणसं, सगळी आपापल्या घरी, निवांत. हेमांगीने आईचा हात धरून दहा पावलं टाकली. त्या दहा पावलांत तिच्या कानामागे पुन्हा एक कुसळ टोचलं.

आई थांबली. "घरातून खंय नेतस गो मला? तिन्हीसांजेची?"

हेमांगीही थांबली. आईचं म्हणणं तिला पटलं. तिन्हीसांजेला घरातून बाहेर कशाला पडायचं? ती मागे आली आणि कुसळ गेलं. तिच्या कानावर सगळ्यांचे आवाज येत होते, म्हणजे ती सगळ्यांमध्येच होती. आई सापडली होती. सगळे घरी होते. काहीतरी करायचं राहिलं होतं खरं, पण ते एवढंच असणार की अस्लमला कळवायचं. तो बिचारा काळजीत असेल.

तिने फोन लावला. "अस्लम, चढव."

"ओलांडलंत ना, मॅडम? जमिनीच्या बाजूला आलात?"

"हो."

खोटं बोलावं असं तिच्या मनातही नव्हतं. घरी असलेल्या माणसाला कुणी विचारलं, तू घरीच आहेस ना, तर तो उठून खिडकीबाहेर बघत नाही. तो हो म्हणतो.

अस्लमने मोठा श्वास सोडला आणि धारा चढवायला घेतली. वेटोळं तापू नये म्हणून हे काम सावकाश करावं लागे. वीस मिनिटं त्याचे डोळे मापकावर खिळलेले होते. एकदाच त्याने फलकाकडे मान वळवली. दिवे लाल होत होते, हिरवे होत होते, पुन्हा लाल आणि पुन्हा हिरवे. घरं आपापल्या जागी परतत होती आणि माणसं त्यांच्यामागे चालली होती. सुनंदा आणि वनिता दोरी गुंडाळून त्यांच्याबरोबर वर गेल्या. धारा पूर्ण चढली तेव्हा फलकावर तेहेतीसही दिवे हिरवे होते. अस्लमने नोंदवहीत वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, सर्व घरी. मग तो हात धुवायला गेला.

सव्वासातला वनिता जेवणाची ताटं वाटून परत आली. दोन ताटं तिच्या हातात तशीच होती.

"सात नंबरात कोन नाय," ती म्हणाली. "म्याडम त्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या काय?"

अस्लमने फलकाकडे पाहिलं. सात क्रमांकाचे दोन्ही दिवे हिरवे होते. अगदी स्थिर, न लुकलुकता हिरवे. मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. वाळू कुठेच नव्हती. चंद्र वर आला होता आणि नकाशात होता तसा तो सगळा भाग आता पाणीच पाणी होता.

त्याने वनिताला खाडीवर पिटाळलं, होडी मिळेल ती घेऊन यायला सांगितलं, आणि स्वतः धारा उतरवायला लागला. आता त्याने वेटोळ्याची पर्वा केली नाही. दोरी धरायला कुणी नव्हतं, त्याचीही केली नाही. घर पुन्हा किनाऱ्याकडे आणायचं. मघाशी त्या आल्या होत्या, तशा आत्ताही येतील. नियम तोच आहे. चालता येणारा माणूस घरामागे येतोच.

धारा निम्म्यावर आली तेव्हा दिवे लाल व्हायला लागले. बाहेर एकामागून एक दारं उघडत होती. पितळी बिजागऱ्यांचा आवाज, सपाता, काठ्या, कुणाचातरी खोकला. एकतीस माणसं जेवण अर्धवट टाकून पुन्हा एकदा घर शोधत उताराला लागली होती. त्यांचे दिवे लाल होत, मग हिरवे होत, पुन्हा लाल होत. घर एक पाऊल पुढे आणि माणूस एक पाऊल मागे.

सात क्रमांकाचे दोन्ही दिवे एकदमच लाल झाले. अस्लमने ते हिरवे होण्याची वाट पाहिली. धारा आठव्या हिश्शावर आली, शंभराव्या हिश्शावर आली, हजाराव्या हिश्शावर आली. कड्यापाशी माणसं जमली आणि खातूगुरुजींचा पाढा ऐकू यायला लागला. एकतीस दिवे हिरवे झाले. उरलेले दोन लाल होते, शेजारी शेजारी, आणि ते तसेच राहिले.